मैत्रिणीसोबत दोन दिवसांचे कोल्हापूर

पहिल्यांदा मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण कोल्हापूरला गेलो, तेव्हा आमच्याजवळ अकरा ठिकाणांची यादी होती आणि ती दोन दिवसांत पुरी करायचीच, असा आमचा निश्चय होता. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत दुपारचे साडेबारा वाजले. मिसळीच्या दुकानात पोहोचलो, तर पातेली घासायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी सोमवार असल्यामुळे संग्रहालयाच्या दाराला कुलूप होते. त्या सहलीत आम्ही रिक्षातून खूप फिरलो, पण परत आल्यावर सांगण्यासारखे फार थोडे हाती होते.

त्यानंतर आम्ही दोघी अनेकदा कोल्हापूरला गेलो. यादी लहान केली आणि वेळा मात्र काटेकोरपणे पाळल्या. या शहरातील बहुतेक चांगल्या गोष्टींना आपापली वेळ आहे: दूध पहाटेचे, मिसळ सकाळची, मटण दुपारचे आणि रंकाळा तलाव सूर्यास्ताचा. ती वेळ साधली, तर दोन दिवस पुरतात. चुकली, तर आठवडाही पुरत नाही. म्हणून पुढे जे लिहीत आहे ते ठिकाणांच्या क्रमाने न लिहिता वेळेच्या क्रमाने लिहीत आहे. मैत्रीण असो वा मित्र, दोघांनी मिळून जाणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी वार ठरवावेत. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार असल्याने मंदिरात गर्दी असते, सोमवारी टाउन हॉलमधील शासकीय संग्रहालय बंद असते आणि मटणाचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार व रविवार. हे सगळे एकत्र मांडले की शुक्रवारी रात्री निघून शनिवार-रविवार तिथे राहावे आणि रविवारी संध्याकाळी परतावे, हाच हिशेब सर्वांत सोयीचा ठरतो. माझी मैत्रीण शनिवार पाळते. त्यामुळे शनिवारी मिसळ, भेळ आणि शाकाहारी जेवण, व रविवारी दुपारी मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा, अशी विभागणी आमच्या बाबतीत आपोआप होते. आणि खरे सांगायचे तर पोटाच्या दृष्टीनेही तीच योग्य आहे, कारण तिखट मिसळ आणि मटणाचे ताट एकाच दिवशी खाल्ले, तर दोहोंपैकी एकाचीही चव नीट लागत नाही.

ऋतूचे म्हणाल, तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पन्हाळा धुक्यात सुंदर दिसतो हे खरे, पण पंचगंगेला पूर आला की रस्ते बंद होतात. २०१९ आणि २०२१ साली शहराने मोठे पूर पाहिले आहेत. नवरात्रात जायचे असेल, तर गर्दीची मानसिक तयारी ठेवूनच जावे. त्या दिवसांत ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला जाते आणि विजयादशमीला दसरा चौकात शाही सोहळ्याने सोने लुटले जाते. तो अनुभव मोठा आहे, पण निवांत सहलीचा तो काळ नव्हे.

मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सर्वांत सोयीची, कारण झोपेतच प्रवास होतो आणि सकाळी आपण छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरतो. पुण्याहून रस्त्याने अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे आणि एसटी गाड्या भरपूर आहेत. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी महामार्गावरील कामांसाठी तासभर जास्तीचा धरावा. मुक्कामाला स्थानकाजवळची खोली घेण्यापेक्षा बिंदू चौक किंवा भवानी मंडप यांच्या आसपासची घ्यावी, असे माझे मत आहे. तिथून मंदिर, बाजार आणि खासबाग पायी अंतरावर येते आणि पहाटे रिक्षा शोधावी लागत नाही. एकदा आम्ही छायाचित्रे पाहून दूरच्या एका लॉजमध्ये आगाऊ पैसे भरून खोली घेतली होती. पोहोचल्यावर खोली रस्त्यावरच्या गॅरेजला लागून निघाली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हापासून आम्ही आरक्षण करण्यापूर्वी दूरध्वनी करून तीन प्रश्न विचारतो: खोली रस्त्याच्या बाजूला आहे की आतल्या, सकाळी गरम पाणी किती वाजल्यापासून मिळते आणि सकाळी सातला पोहोचलो, तर खोली मिळेल की बाहेर बसावे लागेल.

दोघांनी प्रवास करायचा, तर काही गोष्टी घरी बसूनच बोलून घ्याव्यात. कोण काय खातो, कोणाला किती चालवते, दुपारी झोप लागते की नाही, देवळात किती वेळ थांबायचे, हे विषय साधे वाटतात, पण भर उन्हात भुकेल्या पोटी ते निघाले, तर दिवस बिघडतो. पैशांसाठी आम्ही एक छोटे पाकीट वेगळे ठेवतो. निघताना दोघी त्यात सारखी रक्कम टाकतो, रिक्षा, चहा, जेवण, तिकिटे सगळे त्यातून भागवतो आणि संपत आले की पुन्हा सारखी भर घालतो. ज्याच्या त्याच्या खरेदीचे पैसे ज्याने त्याने द्यावेत. मोबाइलवरून हिशेब ठेवणारी साधने आता आहेत, तरीही पाकीट मला जास्त आवडते, कारण कोणी किती दिले हे मोजण्याची वेळच येत नाही.

शनिवार सकाळ : मिसळ आणि राजवाडा

आंघोळ आटोपून नऊच्या आत मिसळीच्या दुकानात पोहोचावे. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा ही नावे बाहेरगावच्या लोकांनीही ऐकलेली असतात आणि ती सगळी चांगलीच आहेत. मात्र कोल्हापूरकराला विचाराल, तर तो स्वतःच्या पेठेतले दुकान सांगेल आणि त्यासाठी भांडेलही. माझा सल्ला असा, की ज्या पेठेत राहिला आहात तिथल्या दुकानदाराला किंवा रिक्षावाल्याला विचारावे आणि तो सांगेल तिथे जावे. ‘कुठनं आलासा?’ असा प्रश्न येईल. उत्तर दिले की ‘बसा की’ म्हणून जागा मिळेल. इथल्या बोलीत मुलीसुद्धा ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असे सहज म्हणतात, तेव्हा कानाला नवे वाटले, तरी कोणी दुरुस्त करायला जाऊ नये.

कोल्हापुरी मिसळीबरोबर पाव नसतो, ब्रेडच्या जाड स्लाइस असतात. ताटलीत मटकीची उसळ, बटाटा, फरसाण किंवा शेव-चिवडा, वरून कांदा-कोथिंबीर आणि मग त्यावर कट. पुण्याकडे ज्याला सॅम्पल म्हणतात त्याला इथे कट म्हणतात. पहिल्याच घासाला सगळा कट ओतून घेऊ नये. थोडा कट घेऊन ब्रेडचा तुकडा त्यात बुडवावा, तो जड होऊन खाली वाकेपर्यंत थांबावे आणि मगच तोंडात टाकावा. आधी खोबरे आणि लसूण कळतो, मग गरम मसाला येतो आणि तिखट सर्वांत शेवटी, घशाशी लागते. कोल्हापुरी म्हणजे नुसता जाळ, ही समजूत तिथेच गळून पडते. तिखट सोसत नसेल, तर कट कमी मागावा आणि सोबत दही घ्यावे. त्यात कमीपणा मुळीच नाही. दुकाने बहुधा दुपारपर्यंतच चालतात, आणि सुट्टीच्या दिवशी अकरानंतर रांग लागते.

तिथून नवीन राजवाड्याकडे जावे. काळ्या दगडाची ही इमारत १८७७ ते १८८४ या काळात बांधली गेली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मांट यांचा. बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडाही त्यांचाच. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ आहे. खालच्या मजल्यावरील शहाजी छत्रपती संग्रहालयात शस्त्रे, पोशाख, हौदे आणि शिकारीची जनावरे आहेत. या जनावरांच्या दालनात लोक सर्वाधिक वेळ घालवतात. मी मात्र तुम्हाला दरबार हॉलमध्ये थांबायला सांगेन. तिथल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत आणि ऊन वर आले की त्या काचांचे रंग डोळ्यांत भरतात. आम्ही दोघी तिथे कितीतरी वेळ काही न बोलता उभ्या होतो.

राजर्षी शाहू महाराजांविषयी थोडे वाचून गेलात, तर या शहराकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी आपल्या संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. शहरातून चालताना निरनिराळ्या समाजांची जी जुनी बोर्डिंगे दिसतात, तीही त्यांच्याच धोरणातून उभी राहिली. ज्यांना या विषयाची ओढ आहे त्यांनी कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे महाराजांचे जन्मस्थळ, अवश्य पाहावे. ते राजवाड्यापासून दूर नाही.

परतताना टाउन हॉलचे संग्रहालय लागते. ते लहान आहे, अर्ध्या-पाऊण तासात पाहून होते, आणि त्यातील एका वस्तूसाठी तरी जावेच. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर गेल्या शतकाच्या चाळिशीत उत्खनन झाले, तेव्हा पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती सापडली. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी जो व्यापार चालत होता, त्याच्या ओघात ती घाट चढून इथवर आली. एवढीशी मूर्ती, पण तिच्यासमोर उभे राहिल्यावर या नदीकाठची वस्ती किती जुनी आहे हे नीट उमगते.

त्यानंतर हलके जेवण करून खोलीवर परतावे आणि दुपारी चारपर्यंत विश्रांती घ्यावी. ही विश्रांती टाळू नका. संध्याकाळ मोठी आहे.

शनिवार संध्याकाळ : खासबाग, चपला, रंकाळा

चार वाजता भवानी मंडपातून निघून पायीच खासबाग मैदानाकडे जावे. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले असता त्यांनी रोमचे कलोझियम पाहिले आणि तसे आखाड्याचे मैदान आपल्याकडे असावे, या विचाराने हे मैदान बांधवले. ते १९१२ साली पूर्ण झाले. मधला हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, आणि त्याभोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे, त्यामुळे कुठेही बसले तरी कुस्ती दिसते. रिकामे असतानाही पायऱ्यांवर जरा बसून पाहावे. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत भस्मसात झाले आणि त्या रात्री रस्त्यावर उभे राहून अनेक कोल्हापूरकर रडले. पुढे त्याच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

गंगावेश, मोतीबाग अशा जुन्या तालमी आजही चालू आहेत. आत जाऊन सराव पाहायचा असेल, तर वस्तादांना विचारूनच जावे, पायताण बाहेर काढावे, हौद्याच्या मातीत पाय ठेवू नये आणि न विचारता छायाचित्रे घेऊ नयेत. ती लाल माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेली असते आणि पैलवान तिला नमस्कार करूनच तिच्यात उतरतात.

भवानी मंडपापासून काही मिनिटांवर चप्पल लाईन आहे, आणि इथे घाई करू नये, असे मी कळकळीने सांगेन. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले; महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील कारागिरांचा तो मान आहे. अस्सल चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते, आणि तळ व पट्टे कातड्याच्याच वादीने शिवलेले असतात. खिळा सहसा नसतोच. चप्पल हातात घेऊन आधी उलटी करून पाहावी: शिवणीचे टाके एकसारखे आणि कातड्याचेच आहेत ना, थर नुसते गोंदाने चिकटवलेले नाहीत ना, कडेला रेक्झिनचा सोलवटा निघत नाही ना. मग नाकाशी धरावी. कमावलेल्या कातड्याला एक तुरट, मातकट वास असतो. प्लास्टिकचा किंवा रंगाचा वास आला, तर ती खाली ठेवावी. दोन्ही बाजूंचे कान आणि अंगठा बोटांनी वाकवून पाहावा. शेवटी पायात घालून दुकानात दहा पावले चालावे. नवी चप्पल थोडी घट्टच घ्यावी, कारण कातडे वापराने सैल होते. पहिले तीन-चार दिवस अंगठ्याजवळ लागते, म्हणून त्या सहलीत ती घालून हिंडू नये. घरी आल्यावर एरंडेल किंवा खोबरेल तेल बोटाने चोळून रात्रभर ठेवावी आणि पावसाळ्यात कधीही वापरू नये.

भाव करताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. चांगली जोडी करायला कारागिराचे कित्येक दिवस जातात, आणि कमावण्यापासून शिवणीपर्यंत ती हातानेच होते. शंभर-पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करण्यापेक्षा, दोन जोड्या मिळून काही कमी होते का, एवढे दोघांनी विचारावे आणि घ्यावे.

दागिन्यांची आवड असेल, तर गुजरीतून एक फेरी मारावी. कोल्हापुरी साज हातात घेऊन पाहायला मागितला, तर सराफ आनंदाने दाखवतात. त्यात २१ पानड्या असतात: दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगलाच्या, दोन माणिक आणि पाचूच्या आणि एक डोरल्याची. माझ्या मैत्रिणीच्या आजीकडे असा साज होता, पण त्यातली चित्रे काय आहेत हे तिला इथल्या एका वृद्ध कारागिराने पहिल्यांदा समजावून सांगितले. त्या दिवशी आम्ही काहीच खरेदी केली नाही, तरी त्यांनी चहा पाजला.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी रंकाळ्यावर असावे. तलाव शहराच्या पश्चिमेला आहे, म्हणून शहराकडच्या काठावर बसले की सूर्य समोर पाण्यावर मावळताना दिसतो. पाण्यातला संध्यामठ, पलीकडे १९३४ साली बांधलेला शालिनी पॅलेस आणि काठाकाठाने फिरायला आलेली सगळ्या वयांची माणसे, असे ते दृश्य असते. एक बाजू चालून जावे, मग भेळ घ्यावी. कोल्हापुरी भेळेत चुरमुरे कुरकुरीत असतानाच खायचे असतात. छायाचित्र काढत बसलात, तर तोवर ती मऊ पडते. रात्रीच्या जेवणाला भाकरी आणि अख्खा मसूर किंवा पिठले घ्यावे, आणि लवकर झोपावे.

रविवार पहाट : अंबाबाई आणि दूध कट्टा

बाहेरचे लोक महालक्ष्मी म्हणतात. कोल्हापूरकर अंबाबाई म्हणतात. दर्शनाला पहाटेच जावे, अंगभर कपडे घालावेत आणि मोबाइल शक्यतो खोलीवर ठेवावा. रांगेत उभे राहण्याइतका वेळ वा ताकद नसेल, तर मुखदर्शनाची सोय आहे आणि तेवढ्यावर समाधान मानण्यात काही वावगे नाही. माझी मैत्रीण रांगेतून जाते, मी मुखदर्शन घेते आणि ती येईपर्यंत बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे पाहत प्रदक्षिणा करते. दोघींचेही मन राखले जाते. या भिंती चांदणीसारख्या कोनांनी आत-बाहेर होतात, त्यामुळे पहाटेच्या तिरप्या उजेडात वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रियांच्या मूर्ती एकेक करून सावलीतून बाहेर येतात. देवीचे मुख पश्चिमेला आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी वक्षस्थळापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतात. आकाश ढगाळ असले, की ती वाटेतच अडतात. ज्यांना किरणोत्सव साधायचा आहे त्यांनी तारखा धरूनच सहल आखावी.

मंदिरातून गंगावेशीत दूध कट्ट्यावर यावे. अशी गोष्ट दुसऱ्या कुठल्या शहरात मी पाहिलेली नाही. गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात, गिऱ्हाईक आले की तिथेच धार काढतात आणि पेला भरून हातात देतात. कासेतून निघालेली धार पितळी चरवीच्या तळावर आधी टणटण वाजते, भांडे भरत गेले की तो आवाज घोगरा होतो आणि शेवटी फेसात बुडून जातो. पेला कोमट लागतो. मी फेस बाजूला सारू लागले, तेव्हा गवळीदादा म्हणाले, ‘ताई, फेसच आधी प्यायाचा असतोय.’ पहाटे पाचला आखाड्यातून आलेली पोरे तिथे एका दमात मोठा पेला रिकामा करतात. मात्र कच्च्या दुधाची सवय नसलेल्यांनी, नाजूक पोटाच्या माणसांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे दूध पिऊ नये. पाहण्याचा आनंदही तेवढाच मोठा आहे.

पन्हाळा, आणि परत येऊन मटण

गंगावेशीतून तसेच पुढे पंचगंगा ओलांडून पन्हाळ्याचा रस्ता धरावा. अंतर सुमारे २० किलोमीटर आहे. साडेआठपर्यंत वर पोहोचलात, तर गडावर गर्दी नसते. शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधलेला हा किल्ला २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आला. सगळा गड पाहण्याचा हट्ट धरू नका. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखान्याची धान्याची प्रचंड कोठारे आणि सज्जाकोठी एवढे पुरे. सज्जाकोठीच्या गवाक्षातून खाली पाहिले, की १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिने कसा आवळत गेला असेल आणि जुलैच्या त्या पावसाच्या रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे कसे निघाले असतील, याचा अंदाज येतो. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी लोक आपसूक आवाज खाली आणतात.

गडावर बायका चुलीवरचे झुणका-भाकर विकतात आणि ते फार चविष्ट असते, पण मटणाचा बेत असेल, तर दोघांत मिळून एकच ताट घ्यावे. शिल्पांची विशेष आवड असणाऱ्यांनी पन्हाळ्याऐवजी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर निवडले तरी चालेल. ते सुमारे ६० किलोमीटर दूर, कृष्णाकाठी आहे, आणि त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध वर्तुळाकार मोकळे आकाश आहे. मात्र दोन्ही एका सकाळी करू नयेत.

साडेबाराच्या आत खानावळीत बसावे. रविवारी त्यानंतर तास-तासभर थांबावे लागते. ताटात सुक्के मटण, तांबडा आणि पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, कांदा, लिंबू आणि शेवटी भात येतो. रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा वाढतात. मटण आधी आले-लसूण, मीठ लावून शिजवतात. त्याचे जे अळणी पाणी उरते तेच दोन्ही रश्श्यांचे मूळ. त्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू यांचे वाटण आणि खडा मसाला गेला की पांढरा होतो; कांदा-लसणाची चटणी, सुके खोबरे आणि तीळ गेले की तांबडा. पांढरा रस्सा आधी, गरम असतानाच वाटीने प्यावा. तो पोटात बसला, की पुढचे तिखट सोपे जाते. भाकरी सुक्क्याबरोबर खावी आणि तांबडा भातावर घ्यावा. ज्यांच्यासोबत शाकाहारी मित्र असेल, त्यांनी हे नक्की ध्यानात ठेवावे, की पांढरा रस्सा दिसायला नारळाच्या सारासारखा असला, तरी तो मटणाच्या पाण्याचाच असतो. वाढणाऱ्याला आधीच सांगावे आणि शाकाहारी ताट वेगळ्या ठिकाणचे असेल, तर त्यासाठी तिथे जावे. मित्राला उपाशी ठेवून आपण जेवलो, तर ती सहल दोघांची राहत नाही.

जेवणानंतर खोली आणखी काही तासांसाठी मिळते का, हे सकाळीच विचारून ठेवावे. आम्ही त्यासाठी थोडे जास्तीचे पैसे देतो आणि दोन तास झोपतो.

उठल्यावर उरलेली खरेदी करावी. गूळ घ्यायचा असेल, तर दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंतचा हंगाम साधावा. त्या काळात शहराबाहेरच्या गुऱ्हाळांतून ताजी ढेप मिळते आणि विचारले तर काहिलीतला गरम गूळ चाखायलाही देतात. अतिशय पिवळाधमक, चकचकीत गूळ टाळून थोडा गडद रंगाचा, बोटाने दाबला की किंचित दबणारा घ्यावा. कांदा-लसूण चटणी मात्र बारमाही आहे. ती घरगुती दळणाची, वजन करून घेतलेली असावी, आणि घेताना चिमूटभर तळहातावर घेऊन वास पाहावा: लसूण आणि खोबरे आधी यायला हवे. तिला तेल सुटते, म्हणून दुकानदाराला दोन पिशव्या लावायला सांगाव्यात, वरून आपला एक जुना रुमाल गुंडाळावा आणि ती कपड्यांच्या पिशवीत न ठेवता नव्या चपलांच्या खोक्याशेजारी, अगदी तळाशी ठेवावी.